उड्यांना पाणी कोण मारणार?

पाटबंधारे खात्यात असताना माझ्या देखरेखीखाली मातीचे बरेच भराव झाले. धरणाचे, कालव्याचे, पोचरस्त्याचे. भरावावर झुडूप उगवू द्यायचं नाही, घुशींना बीळ करू द्यायचं नाही, गुरं चढू द्यायची नाहीत, हा आमचा शिरस्ता. त्यामुळे सायकलवरून हवेत उडता यावं एवढ्याचसाठी कुणी भराव घालतं, त्यासाठी सरकार जागा देतं आणि पाटी लावून लोकांना बोलावतं, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्यातला शाखा अभियंता बराच वेळ गप्प होता.

लेक आणि जावई सिएटलच्या पूर्वेला, समामिशला राहतात. मायक्रोसॉफ्ट-ॲमेझॉनच्या नोकऱ्यांमुळे या भागात मराठी घरं भरपूर. मुलं बहुधा टेनिस, पोहणं, बुद्धिबळ यांत गुंतवलेली असतात. आमच्या नातवाने मात्र तेराव्या वर्षी डर्ट जंपिंग निवडलं. मातीच्या उंचवट्यावरून सायकल वेगाने चढवायची, हवेत उडायचं आणि पुढच्या उंचवट्याच्या उतारावर उतरायचं. त्याची सायकलही वेगळी: बुटकी, 26 इंची चाकांची, एकाच गिअरची, सीट इतकी खाली की तिच्यावर बसणं हा हेतूच नाही.

घरापासून जवळच डथी हिल पार्क आहे. किंग काउंटीचं, 120 एकरांचं, दाट झाडीचं, 2010 मध्ये खास माउंटन बाइकसाठी खुलं झालेलं. झाडीच्या मधोमध एक मोकळं मैदान, त्यात एक निवारा, आणि तिथून चहूकडे वाटा फुटलेल्या. शिकणाऱ्यांसाठी 'बूटकॅम्प', आणि पोरांच्या आयांनी बघू नये अशी 'एचएलसी'. वाटांच्या तोंडाशी हिरवा गोल, निळा चौकोन, काळा हिरा अशी खूण असते. हिरव्यावर कुणीही जावं. काळ्याशी थांबून स्वतःला दोनदा विचारावं.

मी तिथे बाकावर बसायला गेलो होतो. बसलो नाही. पोरं उडत होती तिकडे न बघता मी भराव बघत राहिलो.

आमच्या धरणांच्या मातीच्या भिंतीला आम्ही साधारण एकास अडीच किंवा एकास तीनचा उतार देत असू, म्हणजे वीस अंशांच्या आगेमागे. ओतलेली कोरडी माती स्वतःहून उभी राहते ती पस्तीसेक अंशांपर्यंत. इथे उडीच्या तोंडाला, ज्याला ही मंडळी 'लिप' म्हणतात, वरच्या टोकाला पन्नास-साठ अंशांचा चढ होता. त्याला भिंत नाही, जाळी नाही, सिमेंट नाही. नुसती माती, आणि तिच्या कडेवरून दर मिनिटाला एक सायकल जात होती. मातीत चिकणमातीचा अंश योग्य असल्याशिवाय, ओलावा योग्य असल्याशिवाय आणि ती थराथराने दाबल्याशिवाय हे होणं शक्य नाही. म्हणजे इथे कुणीतरी माती जाणणारं होतं.

तो माणूस पुढच्याच शनिवारी भेटला. डथी हिलच्या वाटा काउंटीने ठेकेदाराकडून करून घेतलेल्या नाहीत. जागा काउंटीची, बांधणी आणि निगा 'एव्हरग्रीन माउंटन बाइक अलायन्स' नावाच्या, सायकलवाल्यांनीच 1989 मध्ये सुरू केलेल्या संस्थेची. अधूनमधून सकाळी श्रमदान असतं. पोरं, त्यांचे बाप, काही आया, आणि संस्थेचा एखादा अनुभवी माणूस. आमच्या त्या माणसाची दाढी पोटापर्यंत होती. त्याने एका उडीची माती मुठीत घेतली, आवळली, मूठ उघडली. गोळा झाला होता. अंगठ्याने दाबल्यावर तो दोन तुकड्यांत फुटला, तळहाताला पाणी लागलं नाही. त्याने मान डोलावली आणि पोरांना दाबायला सांगितलं.

ही मुठीची परीक्षा मी एका म्हाताऱ्या मुकादमाकडून धरणाच्या भरावावर शिकलो होतो. माती जास्त कोरडी असली तर गोळा होतच नाही, भुगा पडतो. जास्त ओली असली तर बोटांच्या फटीतून लगदा येतो. मधे कुठेतरी एक ओलावा असतो, त्याला ती सर्वांत घट्ट बसते. प्रयोगशाळेत तो ओलावा काढायच्या परीक्षेला प्रॉक्टर टेस्ट म्हणतात. लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यातल्या राल्फ प्रॉक्टर या इंजिनिअरने ती 1933 मध्ये मांडली, आणि मांडली तीही मातीच्या धरणांसाठीच. आमच्याकडे 15-20 सेंटिमीटरचा थर टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, घनता मोजायची, मग पुढचा थर. इथे रोलरच्या जागी धुम्मस आणि पोरांचे बूट. थर थोडा पातळ. एरवी सगळं तेच.

आणखी एक गोष्ट तीच होती. जंगलाची वरची काळपट, कुजलेल्या पानांची, मुळांची माती बाजूला काढून ते खालची खरी माती घेत होते. आम्ही धरणाच्या पायातून ती आधी खरवडून काढायचो, कारण कुजणारी वस्तू भरावात राहिली की ती कुजून जाते आणि तिथे पोकळी उरते. सिएटलच्या भोवतालची खालची माती मोठी गमतीची आहे. पंधरा-सोळा हजार वर्षांपूर्वी या भूभागावर किलोमीटरभर जाडीचं बर्फ होतं. त्याने वाळू, गाळ, गोटे सगळं एकत्र रगडून मागे ठेवलं. खणताना फावडं खणखणतं. पण फोडून, चाळून, गोटे वेचून घेतली की उड्यांना बरी चालते. खणायला आणि ओढायला इथे एक हत्यार वापरतात, एका बाजूला दाताळं आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं पातं. त्याचं नाव मॅक्लाउड, 1905 मध्ये ते बनवून घेणाऱ्या वनरक्षकाच्या नावावरून. उलटं धरलं की धुम्मसही होतं. आमच्या मुकादमाला ते फार आवडलं असतं.

उडीत धोका आहे. मनगटं मोडतात, गळ्यापाशी हाडं मोडतात, डोकंही आपटतं. म्हणून हनुवटी झाकणारं हेल्मेट. पण धोका कुठे असतो हे कळल्यावर माझी भीती थोडी जागेवर आली. सायकल ताशी 25 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सात मीटरने, 35 अंशांच्या कोनात सुटली असं धरा. ती सुमारे 80 सेंटिमीटर वर जाते आणि पावणेपाच मीटरांच्या थोडं अलीकडे त्याच उंचीला येते. तिथे जमीन सपाट असेल तर बसणारा दणका 80 सेंटिमीटरवरून सरळ खाली पडण्याइतका. त्याच जागी 30 अंशांचा उतार असेल तर सायकल जवळजवळ उताराला समांतर येते, आणि दणका दोन सेंटिमीटरवरून पडल्याएवढाच राहतो. तीच उंची, तोच वेग, तोच पोरगा. फरक उतरणीच्या कोनाचा. म्हणून उडी नीट बांधली आहे की नाही हे उंचीवरून ओळखत नाहीत, उतरण्याच्या जागेवरून ओळखतात. रानात चोरून बांधलेल्या उड्यांत हीच जागा बहुधा कच्ची असते. पोरांचा सगळा जीव चढाच्या तोंडात असतो.

दुसरी युक्ती मधल्या जागेची. चढ आणि उतरण यांच्यामध्ये खड्डा ठेवला तर ती 'डबल'. उडी कमी पडली की चाक समोरच्या मातीच्या भिंतीत. मधली जागा भरून सपाट केली तर ती 'टेबलटॉप'. उडी कमी पडली तर पोरगा टेबलावर आदळतो, अंग हलतं, शिव्या देतो आणि पुन्हा रांगेत उभा राहतो. सार्वजनिक बागेत सुरुवातीच्या उड्या सगळ्या टेबलटॉपच असाव्यात, असं माझं मत. डथी हिलवर शिकणाऱ्यांच्या वाटांवर ते पाळलेलं दिसलं.

हा खेळ आला कुठून, तर दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मोकळ्या प्लॉटांवरून. 1963 मध्ये श्विन कंपनीची स्टिंग-रे नावाची उंच हँडलची छोटी सायकल आली. पोरं तिच्यावरून मोटोक्रॉसच्या मोटरसायकलींची नक्कल करू लागली. 1971 च्या 'ऑन एनी संडे' या मोटरसायकलींवरच्या माहितीपटाची सुरुवातच अशा पोरांनी होते, आणि तो पाहून गावोगावी आणखी पोरं मातीत उतरली. त्यातून बीएमएक्स झालं, 2008 मध्ये बीजिंगला त्याची शर्यत ऑलिंपिकमध्ये गेली. ऑलिंपिकला गेलेला खेळ सरावाला मात्र कुणाच्या तरी पडीक जागेवरच होत राहिला. कॅलिफोर्नियात सांताक्रूझजवळ ॲप्टॉस गावात पोस्ट ऑफिसच्या शेजारी अशाच खासगी जमिनीवर पोरांनी वर्षानुवर्षं उड्या बांधल्या. कॅम मॅककॉलसारखे जगभर नावाजलेले सायकलस्वार तिथे घडले. जगभरातून लोक ती जागा पाहायला येत. 2015 मध्ये तिथे बांधकाम सुरू होणार म्हणून बुलडोझर फिरला आणि सगळं सपाट झालं. मालकाने काही गैर केलं असं मला वाटत नाही, त्याची जमीन. पण दुसऱ्याच्या प्लॉटवरचा खेळ प्लॉटला भाव येईपर्यंतच टिकतो, हे आपल्याकडच्या गल्लीक्रिकेटवाल्यांना निराळं सांगायला नको.

म्हणून शहरांनी बागांत जागा द्यायला सुरुवात केली. टेक्ससमधल्या ऑस्टिनला शोल क्रीकच्या काठी नाइन्थ स्ट्रीटच्या उड्या 90 च्या दशकापासून आहेत, पुरात वाहून जातात आणि पुन्हा उभ्या राहतात. न्यू यॉर्कला मॅनहॅटनच्या उत्तर टोकाकडे हायब्रिज पार्कमध्ये 2007 मध्ये स्वयंसेवकांनी वाटा आणि उड्या बांधल्या. कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराने 2011 मध्ये व्हालमाँट बाइक पार्क खुलं केलं, चाळीसेक एकर, पूर्ण महापालिकेचं. आणि सिएटलने एक जागा अशी शोधली की तिच्यावर दुसऱ्या कुणाचा डोळा असण्याचं कारणच नव्हतं.

साठच्या दशकात इंटरस्टेट-5 हा महामार्ग शहरातून गेला तेव्हा कॅपिटॉल हिल आणि ईस्टलेक हे दोन भाग त्याने कापून वेगळे केले. मधल्या तीव्र उतारावर खांबांचं जंगल उरलं. खाली अंधार, कचरा, आणि वर चोवीस तास गाड्या. 2005 मध्ये तिथे साडेसात एकरांची आय-5 कोलोनेड नावाची बाग झाली आणि पुढच्या काही वर्षांत तिच्यातल्या सुमारे दोन एकरांत सायकलवाल्यांनी लाकूड, दगड, माती वापरून वाटा आणि उड्या उभ्या केल्या. शहराच्या पोटात खास माउंटन बाइकचं कौशल्य शिकण्यासाठी केलेली देशातली ही पहिली जागा मानतात. ही कल्पना सुचली तिला दाद दिलीच पाहिजे. वाया गेलेली जमीन, झाडं तोडायची नाहीत, आवाजाची तक्रार कोण करणार, वर महामार्गच गर्जतोय.

जावयाबरोबर मी ती बघायला गेलो. मला ती आवडली आणि वाईटही वाटलं. पुलाखाली पाऊस पडत नाही. उड्यांना त्रास होतो तो पावसाचा, त्यामुळे छप्पर आयतं मिळालं असं कागदावर वाटतं. पण पाऊसच नाही म्हणजे ओलावाही नाही. माती सुकत सुकत पिठासारखी झाली होती. बुटाने लिपच्या कडेला टेकलं तर ढिसूळ ढलपी खाली आली. जो ओलावा मुठीत गोळा बांधतो तो इथे आणून द्यावा लागतो, नळाने किंवा टाकीने, आणि तोही पुन्हा पुन्हा. जोवर ते करणारी माणसं येतात तोवर बाग चालते. पुढे त्या जागी बेघर लोकांचे तंबू पडले, येणारे कमी झाले, लाकडी कामं खिळखिळी झाली. बेघर माणूस पुलाखाली झोपतो तो सायकलवाल्यांचा सूड घ्यायला नाही. शहराचे दोन प्रश्न एकाच छपराखाली आले एवढंच.

पुलाबाहेरचं दुखणं नेमकं उलटं. सिएटलला वर्षाकाठी साधारण 950 मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यापेक्षा फार जास्त नाही आणि मुंबईच्या तर निम्म्याहून कमी. पण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो; इथला ऑक्टोबरपासून मेपर्यंत रिमझिमतो. माती ओली राहते, त्या ओल्या मातीवरून चाक गेलं की खाच पडते, खाचेत पाणी साचतं, आणि कुणाचं लक्ष नसेल तर एका हिवाळ्यात लिपचा आकार जातो. म्हणून हिवाळ्यात उड्यांवर ताडपत्र्या घालायच्या, खड्ड्यातल्या पाण्याला चर काढून वाट करून द्यायची, आणि ओलं असताना उडायचं नाही. उन्हाळ्यात दोन महिने क्वचितच थेंब पडतो, तेव्हा संध्याकाळी पाणी मारायचं, म्हणजे सकाळी माती तयार. नातू मला हवामानाचा अंदाज विचारतो तो या हिशेबाने. "आजोबा, आज रात्री वारा आहे का? मग उद्या सकाळी फार सुकेल." त्या वयात मला वाऱ्याचा आणि मातीचा संबंध माहीत नव्हता.

उड्यांवरच्या पोरांत एक नियम चालतो: 'नो डिग, नो राइड'. खणणार नाही त्याने उडायचंही नाही. चोरून बांधलेल्या जागांवर हा नियम गुर्मीने वापरला जातो, नव्या पोराला हाकलायला. पण त्यातलं मूळ खरं आहे. उडी हे बांधकाम बांधून संपत नाही. दर आठवड्याला कुणीतरी तिला हात लावावा लागतो.

आणि इथेच महापालिका अडतात, आपल्याकडच्याच नव्हे, सगळीकडच्या. खात्याला कळतं ते निविदा, बांधकाम, उद्घाटन, हस्तांतर. देखभालीच्या रकान्यात वर्षाला एक आकडा लिहिला की काम संपतं. एका गावात, नाव नको, मी एका बागेतलं स्केटिंगचं रिंक पाहिलं होतं. फीत कापल्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यात तडे गेले ते तसेच राहिले, कारण तडे बुजवणं कुणाच्या कामात बसत नव्हतं. मातीच्या उडीला असा दुसरा पावसाळा दिसतच नाही. म्हणून अलीकडे बरीच शहरं मातीऐवजी डांबरी पंपट्रॅक पसंत करतात. लाटांसारखा चढउतार, पॅडल न मारता अंग वरखाली करून वेग घ्यायचा. डांबर पाणी मागत नाही, पावसात चालतं, स्केटबोर्डवाल्यांना आणि तीन वर्षांच्या पोरांनाही चालतं. मला त्याबद्दल तक्रार नाही, लहान गावाने आधी तेच करावं. फक्त डांबर करून देणारा आणि वापरणारा वेगळा राहतो. मातीत तो एकच असू शकतो, आणि असला तरच ती जागा चालते. डथी हिल चालतं याचं कारण तिथली माती नाही. काउंटीने जागा, थोडा पैसा आणि परवानगी दिली आणि फावडं वापरणाऱ्यांच्या हातात ठेवलं, हे आहे.

पण पोरगा पडला तर खटला कुणावर? मी जावयाला पहिल्याच दिवशी हे विचारलं होतं, कारण आमच्या खात्यात सगळ्या फायली याच प्रश्नावर बंद होत. वॉशिंग्टन राज्यात यावर 1967 पासून कायदा आहे. जमीनमालकाने, मग तो खासगी असो की सरकारी, लोकांना मनोरंजनासाठी फुकट येऊ दिलं तर अनवधानाने झालेल्या इजेला तो जबाबदार नाही. अपवाद ठेवलेत. पैसे आकारले की हे संरक्षण जातं. आणि माणसाने केलेली, मालकाला ठाऊक असलेली पण दिसून न येणारी धोक्याची गोष्ट असेल, तर ठळक पाटी लावलेली असली पाहिजे. उडी समोर दिसते, ती लपलेली नाही. तिच्यामागे कुणी खड्डा झाकून ठेवला असेल तर गोष्ट वेगळी. त्या हिरव्या-निळ्या-काळ्या खुणांचा आणि नियमांच्या फलकाचा अर्थ मला यातून कळला. ती सजावट नाही.

कायदा अर्थात सरसकट ढाल होत नाही. मर्सर आयलंड शहरात एका सायकलमार्गाच्या मधोमधच्या खांबाला धडकून एक बाई कायमच्या जायबंदी झाल्या. शहराने याच कायद्याकडे बोट दाखवलं. 2014 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तो रस्ता मनोरंजनासाठी आहे की ये-जा करण्यासाठी, हे आधी ठरायला हवं. कामावर जायच्या रस्त्यात खांब रोवून 'खेळताना पडलात' म्हणता येणार नाही. मला हा निकाल फार शहाणा वाटला. खेळायच्या जागेत धोका पत्करायचा हक्क माणसाला द्यावा. रस्त्यावर तो त्याच्या गळ्यात मारू नये.

विरोधही असतो, आणि सगळा मूर्खपणाचा नसतो. सिएटलच्या बीकन हिल भागात चीस्टी नावाची हिरवी पट्टी आहे. तिथे सायकलची वाट असावी की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालला. स्वतःच्या हातांनी तिथली रानटी वेल उपटून देशी झाडं लावणारे लोक दोन्ही बाजूंना होते. एकाचं म्हणणं, माणसं आल्याशिवाय ही झाडी वाचणार नाही. दुसऱ्याचं, चाकं आली की ती झाडी राहणार नाही. उड्यांच्या बाबतीत मी दुसऱ्या बाजूला झुकतो. साधी वाट झाडांमधून वळत जाऊ शकते. उडीला मात्र घनमीटरांनी माती लागते, ती आजूबाजूलाच खणली की मुळं उघडी पडतात. जुन्या झाडांच्या बुंध्याशी उड्या नकोत. पुलाखाली, बुजवलेल्या खाणीत, जुन्या कचराडेपोच्या शेजारी, मैदानाच्या कोपऱ्यात, जिथे माती बाहेरून आणता येते, तिथे बांधाव्यात.

पण जागा दिलीच नाही तर काय होतं, ते 2020 मध्ये जगाने पाहिलं. टाळेबंदीत शाळा बंद, मैदानं बंद, हातात सायकल आणि घरात फावडं. ऑस्ट्रेलियात, ब्रिटनमध्ये, अमेरिकेत पोरांनी शहरातल्या झाडीत उड्या बांधल्या. नगरपालिकांनी त्या पाडल्या, पोरांनी शंभर पावलांवर पुन्हा बांधल्या. आमच्या लेकीच्या वसाहतीमागच्या सामाईक झाडीतही नातवाने आणि त्याच्या मित्रांनी गेल्या वर्षी दोन उड्या केल्या होत्या. सोसायटीचं पत्र आलं, मग एक लहान यंत्र आलं आणि अर्ध्या तासात सपाट झालं. मी तो ढीग पाडण्याआधी पाहिला होता. निम्मा पाचोळा, मधे एक अख्खा ओंडका, आणि उतरणीला कोनच नाही. सोसायटीने पाडला ते बरंच झालं. पण पत्रात 'हे करू नका' एवढंच होतं. 'हे कुठे करा' ते नव्हतं.

यंदा पोरांनी ठरवून काम केलं. ओंडका आणि पाचोळा विसरून, दोन आया आणि एक बाप बरोबर घेऊन, त्यांनी आपल्या शहराच्या उद्यान विभागाला द्यायचा अर्ज लिहिला आहे. एका बागेच्या मागच्या बाजूला, वाहनतळाला लागून, गवताचा एक रिकामा तुकडा आहे, तिथे शिकणाऱ्यांसाठी तीन टेबलटॉप मागायचे आहेत. मातीचा हिशेब माझ्याकडे आला.

एक टेबलटॉप, उंची 1.2 मीटर, माथ्याची रुंदी अडीच मीटर, माथा तीन मीटर लांब, पाया आठ मीटर, बाजूंना एकास एक उतार. दाबलेली माती साधारण 25 घनमीटर, म्हणजे आपल्या भाषेत नऊ ब्रास. सुटी माती दाबल्यावर बसते, म्हणून आणताना पंचवीस टक्के जास्त, अकरा ब्रास. तिन्हींना मिळून तेहतीस. पोरांना ब्रास काय ते माहीत नव्हतं, शंभर घनफूट म्हटल्यावर त्यांनी फोनवर क्यूबिक यार्ड काढले. मुरूम इथे मिळत नाही, नाहीतर मी तोच सुचवला असता. आपल्या काळ्या मातीचं मात्र नाव काढायचं नाही, ती पाण्याने फुगते आणि उन्हात फाटते, तिच्या उडीवर मी नातवाला चढू दिलं नसतं.

अर्जात जागेचा नकाशा होता, मातीचा आकडा होता, दर महिन्याच्या श्रमदानाची यादी आणि सह्या होत्या. नळाचा उल्लेख कुठेच नव्हता. सर्वांत जवळचा नळ बागेतल्या स्वच्छतागृहाच्या मागे, दीडेकशे फुटांवर आहे. त्याची किल्ली बागेच्या माणसाकडे असते. मी तो मजकूर शेवटी घालायला सांगितला, आणि किल्लीची एक प्रत कुणाच्या नावावर घ्यायची, ते ठरवायला पोरं मागच्या ओसरीवर जाऊन भांडत बसली.